मोजणीचा तिपाया

आमच्या घरात कॅमेरा आला तो अनिमेषच्या ऑफिसातल्या मित्राने नवा घेतला म्हणून. जुना त्याने आमच्या गळ्यात मारला. अनिमेष म्हणजे माझा नवरा. स्वतःहून कुणाकडे काही मागणार नाही, पण कुणी काही गळ्यात मारलं तर नको म्हणायचं त्याच्या जिवावर येतं.

आम्ही दोघं परभणीकडचे. तो हिंजवडीत एका कंपनीत आहे, मी घरी बसून एका क्लासच्या प्रश्नपत्रिका तयार करते. जवळच्याच नेरे गावात रंभाबाईंच्या भाड्याच्या खोल्या आहेत, त्यातली कोपऱ्यातली आमची. त्या वर्षी कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं. अनिमेषला काढलं नाही, पण कामही दिलं नाही. सकाळी जायचा, संध्याकाळी तोंड पाडून परत यायचा. जेवताना बोलायचा नाही. म्हटलं, येऊ दे कॅमेरा, तेवढाच जीव रमेल.

रमेल कसला, वेडच लागलं. पण वेडसुद्धा काटकसरीचं. लांबून पाखरू टिपायला लांब लेन्स लागते, ती पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली. तिच्या काचेत एका बाजूला बुरशी होती आणि फोकस हाताने फिरवून जमवावा लागायचा. पाखरांनी बुजू नये म्हणून अंगावर घ्यायला कापड हवं, तर बांधकामाला लावतात त्या हिरव्या जाळीचा फाटका तुकडा कुठूनतरी उचलून आणला. कॅमेरा टेकवायला उशी हवी, तर जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात माझे कोलम तांदूळ भरले. मी महिनाभर ऐकवत होते. तो हसायचा. खरं सांगते, त्या हसण्यासाठी मी आणखी तांदूळ दिले असते.

मग आला तिपाया. कॅमेऱ्याचे तिपाये महाग, आणि स्वस्तातले त्या लेन्सच्या वजनाने मान टाकायचे. जुन्या बाजारात त्याला एक दणकट लाकडी तिपाया मिळाला. पिवळा रंग, पायांना लोखंडी अणकुच्या. जमीन मोजणारे लोक दुर्बीण बसवायचे तो. शेजारच्या माण गावातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून त्याने त्यावर कॅमेऱ्याचा बोल्ट बसवून घेतला आणि दारात उभा करून मला म्हणाला, "बघ, भूकंप आला तरी हलणार नाही." मीसुद्धा कौतुक केलं. माणूस इतक्या दिवसांनी कशावर तरी खूश होता.

गावाच्या मागे रंभाबाईंचं रान आहे. रान म्हणायचं एवढंच. आजूबाजूला इमारती उठल्यापासून कुणी तिथे भात लावलेला नाही. गवत, घाणेरी, निर्गुडी माजली होती. रानात जायची वाट रस्त्यावरच्या मोरीवरून. मोरीपासून तिरकं चालत गेलं की एक बांध होता, झुडपांत पार बुडालेला, आणि त्या बांधावर एकच मोठं झाड, ऐनाचं. अलीकडे रंभाबाईंचं, पलीकडे त्यांच्या दिरांचं, हैबतरावांचं. चैत्रात त्या ऐनावर हळद्या पक्ष्याच्या जोडीने घरटं बांधलं.

अनिमेषने रंभाबाईंना विचारलं, "मावशी, तुमच्या बांधावर सकाळी बसलो तर चालेल का?"

"बसा की. रानात साप हाय तेवढं बघा," त्या म्हणाल्या. "माजी सायली ल्हान असताना त्याच ऐनाला झोका बांधायची."

सायली त्यांची एकुलती एक मुलगी. नवऱ्याचं घर सोडून आली होती आणि पुन्हा जाणार नव्हती. रंभाबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. खोल्या बांधल्या त्या गावठाणातल्या जागेवर, तिच्यातही दिराचा हिस्सा होता आणि तो अधूनमधून त्याची आठवण करून द्यायचा. रंभाबाईंचं निर्विवाद स्वतःचं असं एकच, बांधाच्या अलीकडचं हे रान. "माज्या माघारी पोरीला कुनाच्या तोंडाकडं बघायला नगं," असं त्या भाडं घ्यायला आल्या की हमखास म्हणायच्या.

तर वैशाखात रोज सकाळी अनिमेष गाडी मोरीवर लावायचा आणि ऊन पाठीवर घेऊन थेट ऐनाकडे चालत सुटायचा. ऊन पाठीवर असलं की पाखराच्या अंगावर उजेड नीट पडतो, हे तो मला चारचारदा समजावून सांगायचा. घरी आला की फोटो दाखवायचा. घरट्याच्या काठावर बसलेला पिवळाधमक नर, चोचीत अळी, आणि मागे नुसता हिरवा गुळगुळीत रंग. ना पान ना फांदी. "मागचं सगळं विरघळलं पाहिजे," तो म्हणायचा, "तरच पाखरू उठून दिसतं. ह्या भंगार लेन्सने असं जमवणं सोपं नाही." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण फोटो सुंदर होते हे कळत होतं.

एका रविवारी मीही त्याच्याबरोबर गेले. पिल्लांनी घरट्याबाहेर तोंडं काढली होती. अनिमेष जाळी पांघरून तिपायापाशी वाकलेला, मी मागे डबा घेऊन बसलेली. तेवढ्यात पलीकडून गवत बाजूला सारत हैबतराव आले. पांढरी टोपी, हातात मोबाईल. आधी त्यांची नजर तिपायावर गेली, मग त्याच्या बांधात रोवलेल्या अणकुच्यांवर, आणि सगळ्यात शेवटी आमच्यावर.

"काय पाव्हणं, कुनाची मोजनी चाललीया?"

अनिमेष गडबडून उठला. "मोजणी नाही काका, पक्ष्यांचे फोटो काढतोय."

"फोटू तर लेकरं मोबाईलवर काढत्यात. त्याला मोजनीचा तिपाया कशाला लागतुया?"

"स्वस्तात मिळाला म्हणून घेतला."

मी डब्याचं झाकण लावत मान खाली घातली. उत्तर खरं होतं, पण मलाच ते खोटं वाटलं. ह्या गावाने तिपाये पाहिलेत. कंपन्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा आधी असा पिवळा तिपाया बांधावर उभा राहिला होता, मग पाठोपाठ बाकीचं सगळं आलं. हैबतरावांनी मान डोलावली. "वैनींनी पाठीवलंय व्हय? बरं. काढा, काढा फोटू." आणि ते आल्या वाटेने निघून गेले. मला बरं वाटलं की भांडण झालं नाही.

भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अनिमेष नेहमीसारखा गेला आणि लगेच परत आला. दारात उभा राहून म्हणाला, "मृण्मयी, झाड नाहीये." मला वाटलं, थट्टा करतोय. रंभाबाईंना हाक मारून आम्ही तिघं रानात गेलो. जेसीबी अजून फिरत होता, बाजूला हैबतराव उभे होते. ऐन मुळासकट उपटून बाजूला टाकला होता. बांध नव्हताच. झुडपं, गवत, दगड सगळं ढकलून दोन्हीकडची माती एक केली होती, आणि एक डंपर त्यावर मुरूम ओतत होता. हळद्याची मादी आडव्या पडलेल्या फांद्यांवरून ओरडत फिरत होती. अनिमेष त्या फांद्यांत शिरला, पानं उचकून बघू लागला. त्याला काय सापडलं ते मी विचारलं नाही. हात पुसत तो परत आला आणि कडेला जाऊन ओकला.

रंभाबाईंनी पाखराकडे पाहिलं नाही. त्या मुरमाकडे बघत होत्या.

"भावजी, ह्यो काय उद्योग?" त्यांनी पदर डोक्यावर ओढून विचारलं.

"उद्योग तुमचा, वैनी," हैबतराव म्हणाले. "मला न इचारता मोजनी लावता. बिल्डरला परस्पर इकायचा डाव हाय तुमचा. आता मोजा. जेवडं मोजायचं तेवडं मोजा."

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा सगळं कळलं. रंभाबाईंच्या सासऱ्यांनी जमिनीची वाटणी केली ती तोंडी. दोन्ही लेकांना ऐनाखाली उभं करून सांगितलं, हा ऐन तुमच्या मधला. कागदावर मात्र अजून दोघांची नावं एकत्रच होती, त्यामुळे सरकारी मोजणी आणली तरी ती सगळ्या रानाची कड दाखवणार, मधली रेघ नाही. मधली रेघ म्हणजे तो बांध आणि बांधावरचं ते झाड. आता हैबतराव म्हणत होते की बांध मुळात खूपच अलीकडे, रंभाबाईंच्या बाजूला होता, आणि त्यांनी आपल्याच जागेतलं झाड काढलं.

आम्ही खोली सोडून जावं असं रंभाबाई म्हणतील, असं मला वाटलं होतं. म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी सायलीला घेऊन आमच्याकडे आल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आशा होती.

"भाऊ, तुमी रोज फोटू काढत व्हता. त्यात ऐन आसंल, बांध आसंल. तेवडं आमाला द्या. तसीलदाराकडं अर्ज करतो."

अनिमेषचा चेहरा खुलला. त्याने लॅपटॉप उघडला आणि आम्ही चौघं त्यासमोर बसलो. पहिला फोटो. नर, घरटं, मागे हिरवं. दुसरा. मादी, घरटं, मागे हिरवं. त्याने शेकडो फोटो काढले होते. तो एकेक पुढे सरकवत होता आणि त्याचा हात हळूहळू मंद होत होता.

"ह्यात रान कुटं हाय?" रंभाबाईंनी विचारलं.

"ते मागे आहे, मावशी. मागचं... मुद्दाम पुसलंय."

"मुद्दाम?"

त्याने पुढचा फोटो सरकवला. मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी कीवही आली. ज्या गोष्टीत तो आयुष्यात पहिल्यांदा तरबेज झाला होता तीच त्याला भोवली होती. एका फोटोत पानांच्या फटीतून एक करडा डाग दिसत होता, सायली म्हणाली तो बांधावरचा धोंडा. असेलही. पण तो डाग कुणाच्याही रानातला असू शकला असता. माझ्या मोबाईलवर एकच फोटो निघाला, तो जाळी पांघरलेल्या अनिमेषचा, आणि त्यात जाळीच होती. मग त्याने नकाशाचे उपग्रहावरून घेतलेले जुने फोटो उघडले. माजलेल्या रानाचा एक हिरवा धब्बा, त्यात बांध शोधायचा कुठे?

गावात सगळ्यांना बांध ठाऊक होता. पण कुणाचा गाळा हैबतरावांच्या जागेत, कुणाची सोयरीक त्यांच्या घरात. जो तो म्हणाला, "आमाला काय नीट ठावं न्हाई." अर्ज केल्यावर वकिलाने रंभाबाईंना सांगितलं की फोटो नसले तर नसू देत, फोटो काढणारा माणूस तर आहे. जागेची पाहणी होईल तेव्हा त्यालाच उभं करा. रंभाबाईंना ते फार पटलं. "तुमी गावचे न्हाई," त्या अनिमेषला म्हणाल्या, "तुमाला कुनाची भीड न्हाई. रोज तितं उभं राहत व्हता. तुमी दावलं की झालं."

अनिमेष हो म्हणाला. नको म्हणायचं त्याच्या जिवावर येतं हे मी सांगितलंच. पण ह्या वेळी तो मनापासून हो म्हणाला होता. झाड गेलं त्या दिवसापासून त्याने कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. तो पुन्हा गप्प झाला होता, आधीपेक्षा जास्त, आणि आता त्याला काहीतरी भरून देता येणार होतं. पाहणीची तारीख पडत पडत पौषात आली. तोवर तो मला रोज सांगायचा, "डोळे मिटले तरी जाईन मी त्या झाडापाशी."

पाहणीच्या सकाळी थंडी कडाक्याची होती, पण ऊन लख्ख. तहसील कचेरीतले साहेब आले, बरोबर दोन पंच. हैबतराव आणि त्यांची चार माणसं एका बाजूला, आम्ही एका बाजूला. मुरूम दबून सपाट झाला होता. आडवा पडलेला ऐन कधीच सरपणात गेला होता. मोरीपासून पार पलीकडच्या इमारतीपर्यंत नुसतं तपकिरी मैदान, त्यावर खूण म्हणून गवताची काडी नाही. इथे माणूस ओळखणार काय?

साहेब सज्जन होते. आवाज न चढवता म्हणाले, "हे भाडेकरू आहेत, कुठल्याच पक्षाचे नातेवाईक नाहीत. ह्यांचं सांगणं मी महत्त्वाचं धरणार आहे. ते दाखवत असताना कुणी बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. दोन्ही पक्षांना कबूल?"

"कबूल," हैबतराव म्हणाले. रंभाबाईंनी मान हलवली.

अनिमेष मोरीवर, जिथे गाडी लावायचा तिथे जाऊन उभा राहिला. क्षणभर थांबून चालायला लागला. मी रंभाबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळत चालला होता. त्यांनी सायलीचा हात घट्ट धरला. अनिमेष आपल्या नेहमीच्या चालीने, खाली मान घालून, सरळ निघाला होता.

मग तो थांबला. मागे वळून त्याने सूर्याकडे पाहिलं, स्वतःच्या सावलीकडे पाहिलं. मान हलवली, चुकलेलं गणित दुरुस्त करावं तशी. आणि सावली बरोबर आपल्या समोर पडेल असा वळून तो पुन्हा चालू लागला. आता त्याचं पाऊल ठाम होतं. सायलीच्या तोंडून "आई" एवढंच निघालं. रंभाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. साहेब त्यांच्याकडेच बघत होते, आणि न बोलण्याचं रंभाबाईंनी कबूल केलं होतं. त्यांनी हात हलवला नाही, पापणीसुद्धा हलवली नाही.

बराच आत जाऊन अनिमेष उभा राहिला. "इथे," तो ओरडून म्हणाला. "झाड इथे होतं."

"खात्रीने?"

"हो साहेब. खात्रीने."

हैबतरावांनी आपल्या माणसांकडे पाहिलं. त्यांनी स्वतः मागितलं होतं त्याच्याही कितीतरी आत, रंभाबाईंच्या रानात, तो उभा होता. बहुधा त्यांचाही विश्वास बसला नसावा. मग टोपी सारखी करत म्हणाले, "सायेब, पाव्हण्यांनी दावली ती हद्द मला कबूल हाय. माजी काय तक्रार न्हाई."

पंचनामा लिहून झाला. अनिमेषने सही केली, पंचांनी केली. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडावर समाधान होतं, ते मला आजही आठवतं.

"तू मधेच वळलास का?" मी विचारलं.

"पहिल्यांदा चुकीचा निघालो होतो. ऊन खांद्यावर येत होतं. मी नेहमी ऊन पाठीवर घेऊनच जायचो ना."

"नेहमी म्हणजे कधी? वैशाखात ना?"

आमच्या ओट्यावरच्या खिडकीतून थंडीभर सकाळचं ऊन थेट आत येतं आणि उन्हाळ्यात येत नाही. सूर्य बाजूला सरकतो, एवढं मला रोज पोळ्या लाटताना दिसतं. त्यालाही ठाऊक होतं. उजेडावर तो मला तासन्‌तास व्याख्यानं द्यायचा. त्याने वर पाहिलं, मोरीकडे पाहिलं. तो धावत साहेबांच्या जीपकडे गेला.

"साहेब, माझी चूक झाली. झाड तिकडे होतं. उन्हामुळे... तेव्हा सूर्य उत्तरेकडे सरकून उगवायचा. मी आता नीट दाखवतो."

साहेबांनी कागद मिटले. "तुम्ही खात्रीने म्हणालात, मी विचारूनच लिहिलं. आता दुसरी जागा दाखवाल, त्यावर हे हरकत घेतील. मग मी तुमची कुठली जागा खरी धरू, तुम्हीच सांगा."

जीप गेली. हैबतरावांची माणसं हसत हसत त्याने दाखवलेल्या जागी चुन्याची रेघ ओढायला लागली. अनिमेष तिथेच मुरमावर बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला सुचले ते शब्द बोलण्यासारखे नव्हते.

रंभाबाई जवळ आल्या. त्या ओरडतील, शिव्या देतील, असं मला वाटलं, आणि त्यांनी द्याव्यात असंही वाटलं. सायली त्यांच्यामागे उभी होती, आमच्याकडे न बघता.

"उठा भाऊ, घरला चला," रंभाबाई म्हणाल्या. त्याला उठवून त्यांनी चालतं केलं. आम्ही चौघं मोरीपर्यंत आलो. अनिमेष गाडी काढू लागला तेव्हा त्या थांबल्या आणि रानाकडे वळून बघत, कुणाला दोष न देता, नुसतं घडलेलं सांगावं तसं म्हणाल्या,

"आदी तुमी बरोबर निगाला व्हता."